सुई मिळते का?

२०१८ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या शूअर कंपनीने जाहीर केले, की रेकॉर्ड वाजवण्याची कार्ट्रिज बनवणे ती आता थांबवत आहे. मायक्रोफोनमुळे आज जगभर ओळखली जाणारी ही कंपनी कित्येक दशके कार्ट्रिजही बनवत होती. १९५८ साली तिने स्टिरिओसाठी एम३डी हे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज आणले, आणि पुढच्या काळात एम४४, एम७५, व्ही१५ ही नावे टर्नटेबल बाळगणाऱ्यांच्या तोंडी रुळली. बातमी आली तशी या जुन्या कार्ट्रिजच्या मालकांमध्ये घबराट पसरली. कारण साधे होते. कार्ट्रिजचा सांगाडा आणि आतल्या तारेची वेटोळी पन्नास वर्षेही टिकतात, झिजते ती सुई. हिऱ्याच्या टोकाची सुई साधारण पाचशे ते हजार तास चालते. म्हणजे रोज एक एलपी दोन्ही बाजूंनी ऐकणाऱ्याची सुई फार तर साडेतीन-चार वर्षांत संपते. त्यानंतरही ती वाजत राहतेच, आणि खरा धोका तिथे आहे. झिजून धारदार झालेले टोक खाचेच्या भिंती खरवडत जाते आणि पुन्हा न मिळणारी रेकॉर्ड कायमची खराब करते.

या वेळी जपान मदतीला आला. ह्योगो प्रांतातली जिको ही कंपनी १८७३ पासून सुया बनवते. तिची सुरुवात शिवणकामाच्या सुयांपासून झाली. आज ती बंद पडलेल्या शेकडो कार्ट्रिजच्या सुया तयार करते, आणि त्यात शूअरच्याही आहेत. त्यामुळे एम४४ आजही वाजते. पण ज्यांच्या कार्ट्रिजची सुई कुणीच बनवत नाही, त्यांचे उत्तम यंत्रही कपाटावरची शोभा होऊन बसते. म्हणून एखादे जुने टर्नटेबल घेऊ का, असे कुणी विचारले, तर त्याच्या आवाजाबद्दल एक शब्दही बोलण्याआधी मी एवढेच विचारतो: सुई मिळते का?

हा प्रश्न फक्त सुईपुरता नाही. घरी संगीत ऐकण्याच्या प्रत्येक यंत्रात एखादा भाग इतरांच्या आधी मरतो. कुठे रबर, कुठे फोम, कुठे लेझर, कुठे एखादी चिप. तो भाग कोणता आणि तो आज बाजारात मिळतो का, यावर त्या यंत्राचे आयुष्य ठरते. माझे तर असे ठाम मत झाले आहे, की यंत्र किती उत्कृष्ट होते याने ते टिकत नाही. ज्याची मापे सगळ्यांच्या सामायिक मापांशी जुळतात तेच टिकते.

कार्ट्रिजचेच पाहा. ते टोनआर्मला, म्हणजे रेकॉर्डवरून सरकणाऱ्या दांड्याला, दोन स्क्रूंनी बसते, आणि त्या दोन स्क्रूंमधले अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. हे माप कुणा एका कंपनीचे नाही. डेन्मार्कची ऑर्टोफोन, जपानच्या ऑडिओ-टेक्निका आणि नागाओका, सगळ्यांची कार्ट्रिज त्यामुळे एकमेकांच्या जागी बसतात. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजसाठी ॲम्प्लिफायरच्या इनपुटचा रोध ४७ किलोओहम असतो, तोही सगळीकडे सारखाच. साठ वर्षांपूर्वीचा टोनआर्म आणि आज दुकानातून आणलेले कार्ट्रिज एकमेकांशी बोलू शकतात, ते या दोन आकड्यांमुळे.

आता याच्या उलट उदाहरण. डेन्मार्कच्याच बँग अँड ओलुफ्सेनची बिओग्रॅम टर्नटेबल दिसायला इतकी देखणी, की वस्तुसंग्रहालयात ठेवावीत. त्यांचे कार्ट्रिज मात्र फक्त त्यांचे. ते खुंटीसारखे टोनआर्ममध्ये खोचायचे, दुसऱ्या कुणाचे त्यात बसत नाही, आणि सुई वेगळी निघत नाही. कंपनीने ते बनवणे सोडल्यावर ही सगळी टर्नटेबल अमेरिकेतल्या साउंडस्मिथसारख्या मोजक्या कारागीर कंपन्यांच्या भरवशावर राहिली. तिथून नवे कार्ट्रिज मिळते, चांगलेही असते, पण त्याची किंमत आणि ते मागवण्याचा खर्च धरला तर स्वस्तात मिळालेले बिओग्रॅम स्वस्त राहत नाही.

टोनआर्मच्या बाबतीत एक गोष्ट मराठी वाचकाला जवळची वाटेल. इंग्लंडच्या ससेक्समधल्या स्टेनिंग गावात एसएमई ही कंपनी आहे. १९५९ पासून तिचे ३००९ आणि ३०१२ हे टोनआर्म जगभरच्या उत्तम टर्नटेबलांवर बसत आले. त्यांच्या टोकाची, फिरवून घट्ट करायची, कार्ट्रिज धरणाऱ्या हेडशेलची जोडणी इतकी पसरली, की जपानी कंपन्यांनीही तीच उचलली. आजही कुठलाही साधा हेडशेल टेक्निक्सच्या आर्मवर बसतो, तो त्यामुळे. ही एसएमई २०१६ मध्ये पुण्याचे उद्योजक अजय शिर्के यांच्या कॅडेन्स समूहाने विकत घेतली. पाठोपाठ २०१८ मध्ये गॅरार्ड हे जुने ब्रिटिश नावही या समूहाकडे आले, आणि १९५० च्या दशकात स्विंडनला बनणारे गॅरार्ड ३०१ पुन्हा स्टेनिंगमध्ये जोडले जाऊ लागले. पण त्यानंतर, २०१९ च्या अखेरीस, एसएमईने सुटे टोनआर्म विकणे बंद केले. त्यानंतर त्यांचा आर्म हवा असेल तर त्यांचे टर्नटेबल घेणे भाग पडले. त्यामुळे जुन्या गॅरार्डसाठी लाकडी चौथरा करून त्यावर एसएमईचा आर्म बसवण्याचा बेत आखलेल्या कितीतरी हौशी लोकांना वापरलेल्या आर्मच्या शोधात निघावे लागले. कंपनीची बाजू मला समजते. हौशी माणसाची हळहळ त्याहून जास्त समजते.

तबकडी फिरवणाऱ्या मोटरकडे वळू. इथल्या खोडी मला सगळ्यात रंजक वाटतात, कारण त्या थेट गाण्याच्या पट्टीला हात घालतात. जुन्या टर्नटेबलची मोटर विजेच्या वारंवारतेला बांधलेली असते. भारतात ती ५० हर्ट्झ, अमेरिकेत ६०, आणि जपानमध्ये दोन्ही: टोकियोच्या बाजूला ५०, ओसाकाच्या बाजूला ६०. अमेरिकेतून आणलेले पट्ट्याचे टर्नटेबल ट्रान्सफॉर्मर लावून इथे चालवले, तर व्होल्टेज बरोबर होते, पण वारंवारता बदलत नाही. ३३⅓ फेऱ्यांऐवजी ते मिनिटाला २७.८ फेऱ्या घेते. स्वर तीन अर्धस्वरांहून थोडा जास्तच उतरतो. काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारच्याही किंचित खाली ऐकू येते, द्रुत लय मध्यलय होते, आणि आवाज जड, वयस्क वाटू लागतो. कान तयार नसलेल्या माणसाला यात बिघाड आहे हे कळतही नाही. त्याला वाटते, बाई जरा खालच्या पट्टीत गात असाव्यात.

उपाय आहे. मोटरच्या दांड्यावरची पुली ५० हर्ट्झसाठी जाड, ६० साठी बारीक असते. गॅरार्ड ३०१ आणि ४०१, थोरेन्स टीडी १६० यांसाठी दोन्ही प्रकारच्या पुली बनत असत आणि आजही मिळतात. स्वस्त प्लास्टिकच्या यंत्रांसाठी मिळत नाहीत. ज्यांची मोटर विजेच्या वारंवारतेवर अवलंबून नाही, अशा टर्नटेबलांना हा त्रासच नाही. टेक्निक्सचे एसएल-१२०० हे त्यातले सगळ्यात ठळक नाव. १९७२ मध्ये ते आले, २०१० मध्ये बंद झाले आणि मागणी इतकी टिकून राहिली, की २०१६ मध्ये ते पुन्हा सुरू करावे लागले. त्यात पट्टा नाही आणि मोटरची गती तबकडीला देणारी रबराची चकतीही नाही. तबकडीच्या खालीच मोटर असते.

व्होल्टेजबद्दल एक इशारा. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते. आपल्या बाजारात सहज मिळणारा ट्रान्सफॉर्मर २३० चे ११० करतो. दहा टक्के जास्त दाब जपानी ॲम्प्लिफायरला रोज मिळाला, तर तो लगेच जळत नाही, पण तापत राहतो, आणि उष्णता हीच त्याच्या आतल्या भागांची वैरी. १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर खास गुंडाळून घ्यावा. मोठ्या शहरांत ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे कारागीर अजून आहेत, आणि हे काम ते उत्तम करतात.

वेग बरोबर आहे की नाही हे पाहायला स्ट्रोबची चकती लागते. ५० हर्ट्झच्या विजेवरचा दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. म्हणून ३३⅓ साठी चकतीवर १८० रेघा आखलेल्या असतात, आणि वेग अचूक असेल तर त्या स्थिर दिसतात. ७८ साठी ७७ रेघा, ज्याचा हिशोब ७७.९२ फेऱ्या निघतो. अमेरिकेतला आकडा ७८.२६. इथे आजच्या घरात एक गंमतशीर अडचण येते. चांगल्या एलईडी दिव्याचा उजेड लुकलुकतच नाही, त्यामुळे रेघा कधीच स्थिर दिसत नाहीत आणि माणूस चांगल्या टर्नटेबलला दोष देत बसतो. त्यासाठी जुन्या चोकची ट्यूब किंवा लहानसा निऑन दिवा लागतो. विजेची टंचाई असायची त्या काळात आपल्याकडची वारंवारता ४८-४९ पर्यंत घसरे. तेव्हा रेघा स्थिर असूनही स्वर उतरलेला असे, कारण दिवा आणि मोटर दोघेही एकाच विजेवर एकदमच मंदावत.

रबराची चकती असलेल्या यंत्रांची, म्हणजे गॅरार्ड, ड्युअल आणि आपल्याकडच्या बहुतेक जुन्या रेकॉर्ड चेंजरांची खोड वेगळी. बटण ‘बंद’वर नीट न आणता यंत्र वर्षानुवर्षे ठेवले, तर चकती मोटरच्या दांड्याला टेकून राहते आणि रबरावर खाच पडते. मग प्रत्येक फेरीला ‘धप्’ असा दबका आवाज स्पीकरमधून येतो. चकती घासून सारखी करता येते किंवा तिच्यावर नवे रबर चढवून घेता येते. पट्ट्याच्या यंत्रात हे काम आणखी सोपे. पट्टा सैल झाला की त्याची सपाट लांबी आणि रुंदी मोजायची, आणि त्या मापाचा मागवायचा. दुकानदाराला मॉडेलचे नाव सांगून उपयोग होत नाही, मिलिमीटर सांगावे लागतात.

महाराष्ट्रातल्या घरांत रेकॉर्ड ऐकणाऱ्यांसमोर आणखी एक प्रश्न असतो, जो पाश्चात्त्य पुस्तकांत फारसा येत नाही: घरात तीन पिढ्यांच्या तबकड्या असतात. आजोबांच्या लाखेच्या ७८, वडिलांच्या ४५ च्या ईपी, आणि एलपी. युरोप-अमेरिकेत ७८ च्या तबकड्या पन्नासच्या दशकातच मागे पडल्या. भारतात साठचे दशक संपेपर्यंत त्या निघत होत्या, आणि बीटल्सची गाणीही कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात ७८ वर छापली गेली. आज त्या इंग्लंडातले संग्राहक हौसेने शोधतात.

७८ ची खाच रुंद असते. तिला सुमारे ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते. स्टिरिओ एलपीचे टोक १८ मायक्रॉनच्या आसपास. बारीक टोक रुंद खाचेत टाकले तर ते तळाशी जाऊन पडते, तिथे साठलेली धूळ आणि भुकटी वाचते, आणि गाणे खरखरीखाली दबते. लोक म्हणतात, ‘जुन्या रेकॉर्ड अशाच वाजायच्या.’ हे मला मान्य नाही. बरोबर जाडीच्या सुईने वाजवलेली चांगल्या अवस्थेतली ७८ इतकी जिवंत वाजते, की ऐकणारा चकित होतो. ज्या टर्नटेबलला ७८ चा वेग आहे आणि ज्या कार्ट्रिजला ७८ ची सुई मिळते, अशीच जोडी अशा घरांनी घ्यावी. आजची बरीच नवी टर्नटेबल फक्त ३३ आणि ४५ वर चालतात, हे घेण्याआधी पाहून घ्यावे.

स्वच्छतेचीही एक बाब जीवावर बेतणारी आहे. एलपी व्हिनाइलची असते. तिच्यावर पावसाळ्यात चढलेली पांढरी बुरशी ऊर्ध्वपातित पाणी आणि थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल यांनी निघते. ७८ मात्र लाखेची. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. तेच द्रावण तिच्यावर फिरवले, तर खाचाच पुसल्या जातात. तिला साधे ऊर्ध्वपातित पाणी, थेंबभर सौम्य साबण आणि मऊ कापड एवढेच पुरते.

ओलाव्याचा विषय निघालाच आहे तर हेही सांगून टाकतो. एचएमव्हीच्या फिएस्टासारख्या घरगुती रेकॉर्डप्लेअरमधली कार्ट्रिज मॅग्नेटची नसत, स्फटिकाची किंवा सिरॅमिकची असत. स्फटिकवाल्यांत रोशेल सॉल्ट नावाचा क्षार वापरत. त्यावर दाब पडला की वीज निर्माण होते, म्हणून ते स्वस्तात भरपूर आवाज देई. पण हा क्षार हवेतला ओलावा शोषतो. कोकणातल्या दोन-चार पावसाळ्यांत तो विरघळून निकामी होतो, आणि यंत्र वरून अगदी धड दिसत असताना आवाज क्षीण होत होत नाहीसा होतो. सिरॅमिक कार्ट्रिज याला दाद देत नाही, आणि ते आजही मिळते. फिएस्टा पुन्हा बोलकी करायची तर तेच बसवावे. फक्त त्याचा भार पाच-सहा ग्रॅम असतो, चांगल्या मॅग्नेट कार्ट्रिजच्या तिप्पट. मौल्यवान एलपी त्यावर वाजवू नये.

एचएमव्हीच्या रेकॉर्डच्या क्रमांकातही उपयोगी माहिती दडलेली आहे. ईएएलपी किंवा ईसीएलपी अक्षरे असली तर मोनो, ईएएसडी किंवा ईसीएसडी असली तर स्टिरिओ. मोनो रेकॉर्डमध्ये सुई फक्त आडवी हलते. उभ्या दिशेने जे काही हलते ते निव्वळ धूळ आणि ओरखडे. स्टिरिओ कार्ट्रिज तेही वाचते. ॲम्प्लिफायरवर मोनोचे बटण असेल तर ते दाबताच खरखर एकदम निम्म्यावर आल्यासारखी वाटते. अमीर खाँसाहेबांची मारवा-दरबारीची एलपी स्टिरिओवर ऐकून ‘फार आवाज करते’ म्हणून बाजूला ठेवलेल्यांनी हे बटण एकदा दाबून पाहावे. नव्या ॲम्प्लिफायरांतून हे बटण गायब झाले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गायब झालेली आणखी एक गोष्ट म्हणजे फोनो इनपुट. सीडी आल्यावर ॲम्प्लिफायर बनवणाऱ्यांनी ते हळूहळू काढून टाकले. मॅग्नेट कार्ट्रिजमधून पाच मिलिव्होल्टच्या आसपासचाच संकेत निघतो, म्हणून तो वाढवावा लागतो. पण फक्त वाढवून भागत नाही. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि तार स्वर मुद्दाम उचललेले असतात: २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल खाली, २० हजार हर्ट्झला सुमारे २० डेसिबल वर. खर्ज दाबल्यामुळे खाच अरुंद राहते आणि एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटांचे गाणे मावते. तार स्वर उचलल्यामुळे वाजवताना ते परत खाली आणले, की त्यांच्याबरोबर पृष्ठभागाची हिस्सही खाली जाते. हे प्रमाण १९५४ मध्ये अमेरिकेच्या रेकॉर्ड उद्योगाने ठरवले, त्याला आरआयएए म्हणतात. टर्नटेबल थेट ऑक्स इनपुटला जोडले तर आवाज बारीक, चिरका आणि खर्जाविना येतो, तो यामुळे. छोटा फोनो प्रीॲम्प्लिफायर आता दीड-दोन हजारांपासून मिळतो आणि तो पुरतो. ७८ च्या काळात मात्र प्रत्येक कंपनीचे प्रमाण वेगळे होते. म्हणून आरआयएएवर वाजवलेली ७८ जराशी गढूळ वाटली, तर ट्रेबल थोडा वाढवायला अजिबात संकोच करू नये.

ॲम्प्लिफायरबद्दल थोडक्यात. १९९१ च्या आधी आपल्याकडे परदेशी यंत्रे येणे अवघड होते. ती आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातून किंवा जहाजावरच्या मंडळींकडून येत. बाकी घरांत फिलिप्स, कॉस्मिक आणि कोलकात्याची सोनोडाइन असे. शिवाय मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात भाग घेऊन जोडलेले सेट असत, ज्यांना सगळे ‘असेंबल्ड’ म्हणत. या असेंबल्ड सेटांची मला विशेष कदर आहे. त्यांत २एन३०५५ सारखे साधे ट्रान्झिस्टर असत, आणि ते आजही कुठल्याही गल्लीत मिळतात. ऐंशीच्या दशकातल्या कित्येक चकचकीत जपानी सेटांत मात्र सॅन्योचे एसटीके मॉड्यूल असे. एका ठोकळ्यात अख्खा ॲम्प्लिफायर. सॅन्योचा सेमीकंडक्टर विभाग २०११ मध्ये ऑन सेमीकंडक्टरकडे गेला, जुने एसटीके बनणे थांबले, आणि आज बाजारात त्या नावाने जे मिळते त्यात नकली माल भरपूर आहे. तोशिबाच्या २एससी५२०० आणि २एसए१९४३ या प्रसिद्ध जोडीचेही तसेच. वरचे लेबल हुबेहूब, आतली चिप खऱ्यापेक्षा लहान, आणि आवाज वाढवला की पहिल्याच तिहाईला धूर. म्हणून दुरुस्तीसाठी देताना ट्रान्झिस्टर अधिकृत वितरकाकडून मागवून कारागिराच्या हातात द्यावा.

विजेचा साठा करणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वीस-तीस वर्षांत आतून सुकतात. तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते, त्यामुळे बंद शोकेसमध्ये कोंडलेला ॲम्प्लिफायर लवकर म्हातारा होतो. ते सगळीकडे मिळतात, बदलायला स्वस्त आहेत. सीडी प्लेअरचे लेझर मात्र तसे नाहीत. सोनीच्या केएसएस-२१३ ची प्रतिरूपे अजून मिळतात, फिलिप्सच्या झुलत्या आर्मच्या जुन्या सीडीएम यंत्रणा मिळत नाहीत. आणि कॅसेट डेकचा पट्टा वितळून डांबर झालेला असला, तरी हात काळे करून तो पुसता आणि बदलता येतो. नव्या डेकपेक्षा दुरुस्त केलेला जुना डेक मी केव्हाही पसंत करेन, कारण आज नवी बनणारी कॅसेट यंत्रणा फारच साधी आहे.

स्पीकरच्या कोनाभोवतीची फोमची कडा हा या सगळ्यांतला सगळ्यात हमखास मरणारा भाग. पॉलियुरेथेनचा हा फोम हवेतल्या ओलाव्याने विघटित होतो. मुंबईत तो वापरात नसतानाही, खोक्यात बंद असतानाही कुजतो, आणि बोट लावले की भुगा होऊन पडतो. लोक स्पीकर फाटला म्हणून भंगारात देतात. हे पाहून फार चुटपुट लागते, कारण चुंबक, कॉइल आणि कोन सगळे शाबूत असते. फोमचे कडे इंचाच्या मापाने सुटे मिळते. जुने खरवडून, कॉइल मध्यभागी धरून नवे चिकटवले, की तोच स्पीकर आणखी पंधरा वर्षे चालतो. रबराची कडा असेल तर हेही करावे लागत नाही.

बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत ठेवण्यासाठी केलेल्या एलएस३/५ए या छोट्या स्पीकरची कडा अशी रबराची होती, आणि त्यातले बी११० व टी२७ हे दोन्ही घटक केईएफ कंपनीचे. मानवी आवाज त्यावर इतका खरा ऐकू येतो, की ख्याल ऐकणाऱ्यांनी तो निदान एकदा ऐकावाच. त्याची खोड अशी, की तो आळशी आहे. साधारण ८३ डेसिबलची संवेदनशीलता. ८९ च्या स्पीकरइतका मोठा आवाज हवा तर त्याला चौपट वॅट लागतात. सुरुवातीचे १५ ओहमचे, १९८७ नंतरचे ११ ओहमचे. जोडी घेताना दोन्ही एकाच जातीचे आहेत ना, हे मागच्या पाटीवर पाहावे. केईएफने हे घटक बनवणे थांबवल्यावर ऑक्सफर्डजवळच्या फाल्कन ॲकॉस्टिक्सने ते जुन्या मापांबरहुकूम पुन्हा बनवले. मापे बीबीसीने नोंदवून ठेवली होती आणि परवाना अनेक कंपन्यांना दिला होता. म्हणून पन्नास वर्षांनंतर हा स्पीकर आजही नवा मिळतो.

एक घटक मात्र कुठल्याच बाजारात मिळत नाही आणि त्याच्यावर सगळ्यात जास्त अवलंबून असते. तो म्हणजे खोली. ब्रिटिश स्पीकर लाकडी जमीन, गालिचे आणि पोकळ भिंतींच्या घरांसाठी केलेले असतात. आपली खोली विटा-सिमेंटची, खाली फरशी, वर स्लॅब. बारा बाय दहा फुटांच्या आणि नऊ फूट उंच खोलीत ध्वनीच्या लाटा समोरासमोरच्या भिंतींवर आपटून सुमारे ४७, ५६ आणि ६३ हर्ट्झला आणि त्यांच्या पटींना फुगतात. दहा बाय दहाच्या चौकोनी खोलीत दोन आकडे एकच होतात आणि फुगवटा दुप्पट बसतो. डग्ग्याचा स्वर हाताच्या दाबाने वर-खाली सरकतो. सरकता सरकता तो खोलीच्या एखाद्या आकड्यावर आला, की तेवढाच ठोका अंगावर आल्यासारखा घुमतो आणि पुढचा हरवतो. तबलजीची घुमाऱ्याची कारागिरी त्यात बुडते. ॲम्प्लिफायर बदलून यात तसूभर फरक पडत नाही.

त्यासाठी आधी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढावेत, मागच्या भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींपासूनचे अंतर वेगळे ठेवावे. स्पीकर आणि ऐकणारा यांच्या मधल्या फरशीवर जाड सतरंजी पसरावी. तार स्वरांचा कर्कशपणा बराचसा त्या उघड्या फरशीवरून उसळून येतो. पुस्तकांचे कपाट समोरच्या भिंतीला लावू नये, ऐकणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीला लावावे. आणि ऐकण्याची खुर्ची भिंतीला टेकलेली नको, कारण खर्जाचा दाब भिंतीपाशीच सगळ्यात जास्त असतो. खोलीच्या अगदी मध्यावरही नको, तिथे ४७ हर्ट्झचा स्वर जवळजवळ नाहीसा होतो. ओळखीची विलंबित तीनतालाची रेकॉर्ड लावून खुर्ची अर्धा-अर्धा फूट पुढे-मागे सरकवत जावे. ज्या जागी डग्ग्याचे सगळे ठोके सारख्या वजनाने ऐकू येतील तिथे फरशीवर खडूने खूण करून ठेवावी.